रिकाम्या जागेची राखण

चर्चच्या दाराशी, रुग्णालयाच्या जिन्यात, ग्रंथालयाच्या भिंतीवर आपण एक पाटी नेहमी वाचतो : ‘शांतता राखा’. ही पाटी इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातील क्रियापदाकडे आपले लक्षच जात नाही. आपल्या भाषेत शेत राखतात, मान राखतात, शब्द राखतात. जे आधीपासून आहे आणि आपण बेसावध राहिलो तर जे हातचे जाईल, तेच राखायचे असते. म्हणजे शांतता ही निर्माण करावयाची वस्तू नाही, ती सांभाळावयाची ठेव आहे, असे त्या पाटी लिहिणाऱ्याने नकळत गृहीत धरले आहे.

हे गृहीत खरे मानले तर वास्तुशिल्पी मोठ्या पेचात सापडतो. त्याचा व्यवसायच मुळी मोकळ्या जागेत काहीतरी उभे करण्याचा. विटा, सिमेंट, लोखंड यांची भर घालीत जाणे हे त्याचे काम. तरीही जगातील थोर वास्तुशिल्पी आपण शांत, काव्यमय अवकाशाच्या शोधात आहोत असे सांगत आले आहेत, आणि हा शोध ते प्रथम कागदावर, पेन्सिलीच्या रेषेने घेतात. भर घालणाऱ्याने राखण कशी करावी? आणि राखलेली ती जागा कोणासाठी? हे प्रश्न केवळ वास्तुशिल्पींचे नाहीत. गेल्या काही दशकांत आपल्या अनेक धर्मग्रामांत जुनी चर्चे उतरवून नवी, प्रशस्त चर्चे उभी राहिली. अजूनही राहत आहेत. वर्गणी आपण देतो, नकाशे आपल्यासमोर ठेवले जातात, आणि ‘ही जागा रिकामी का सोडली आहे?’ हा प्रश्नही बहुधा आपणच विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना बुलढाणा जिल्ह्यातील लोणारकडे पाहावे, असे मला वाटते.

लोणारचे विवर आपण शाळेच्या पुस्तकात भेटलो आहोत. दख्खनच्या काळ्या पाषाणावर अवकाशातून एक अशनी येऊन आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा पडला. त्याचे वय मोजण्याच्या दोन पद्धतींनी दोन अगदी भिन्न उत्तरे दिली आहेत : एकीनुसार सुमारे ५२ हजार वर्षे, दुसरीनुसार सुमारे ५ लाख ७० हजार. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख समजले जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा दाखवून दिल्या, तेव्हा अशनीपाताचे मत दृढ झाले. चंद्रावरील काळी मैदानेही अशाच पाषाणाची असल्यामुळे चंद्रावरील विवरांचे कोडे सोडवू पाहणाऱ्यांना लोणारचे महत्त्व वाटते.

समजा, एखादा वास्तुशिल्पी वही घेऊन या विवराच्या काठावर बसला. त्याची पहिली अडचण ही की येथे काढण्यासारखे काहीच नाही. डोंगराला शिखर असते, देवळाला कळस असतो. येथे जे आहे ते ‘नसणे’ आहे. पोकळी काढता येत नाही. काढता येतो तो तिचा काठ, उतारावरची झाडी, तळाशी असलेल्या पाण्याची कड. एवढे नीट काढले की मध्ये जो कागद कोरा उरतो, तेच लोणार. रेषा पोकळीला स्पर्श करीत नाही, तिच्याभोवती फिरून येते. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला जे कळायला वर्षे लागतात ते येथे एका बैठकीत कळते : रेषेचे काम जागा भरण्याचे नसते, जागेला कड देण्याचे असते.

दुसरी गोष्ट मापाची. वास्तुशिल्पी केवळ वरून दिसणारा नकाशा काढून थांबत नाहीत. वस्तू उभी कापली तर कशी दिसेल, ते छेदचित्रही काढतात. लोणारचे छेदचित्र दहा हजारास एक या प्रमाणात काढले, तर विवराची रुंदी कागदावर जेमतेम १८ सेंटिमीटर भरते आणि खोली दीड सेंटिमीटर; कारण काठापासून तळापर्यंतचे अंतर सुमारे दीडशे मीटर आहे. ज्याला आपण भयाण खड्डा समजत होतो ते प्रत्यक्षात एक पसरट ताट आहे. त्याच प्रमाणात पुरुषभर उंचीचा माणूस काढू गेलो तर तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान होतो. पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीतच तो हरवून जातो. उपदेशाच्या शंभर वाक्यांनी जी नम्रता येत नाही ती अशा एका मापाने येते.

काठावरून पायवाटेने उतरून तळाशी कमळजा देवीच्या देवळापर्यंत जे गेले असतील, त्यांना आणखी एक अनुभव आला असेल. खाली पोचल्यावर क्षितिज नाहीसे होते आणि चारी बाजूंनी काठच क्षितिज बनतो. वर फक्त आकाश राहते. आपण कोंडले गेलो आहोत असे वाटत नाही. उलट कोणीतरी आपल्याला ओंजळीत धरले आहे असे वाटते. बंद आणि मोकळे या दोन्ही भावना एकाच वेळी देणारी जागा शांत असते. मात्र ही शांती कशातून आली, ते विसरता कामा नये. जिथे आज मोर हिंडतात तिथे एके काळी क्षणार्धात खडक वितळले होते. एलिया संदेष्ट्याला होरेब पर्वतावर परमेश्वर वादळात, भूकंपात किंवा अग्नीत भेटला नाही. त्या सर्वांनंतर आलेल्या मंद स्वरात भेटला, हे आपण पवित्र शास्त्रात वाचतो. लोणार पाहताना ती कथा आठवल्याशिवाय राहत नाही. शांती म्हणजे कधी काही घडलेच नाही अशी अवस्था नव्हे. घाव बुजवून टाकला नाही, त्याला वेळ दिला, तर त्याचेही भांडे होते आणि त्यात पाणी साठते.

निसर्गाने पोकळी दिली. माणसाने तिच्या सान्निध्यात काय केले? लोणार गावात दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आहे. उंच जोत्यावर, कोनाकोनांनी वळत जाणाऱ्या त्याच्या बाह्य भिंती शिल्पांनी खचाखच भरलेल्या आहेत. पण आत शिरावे तसा उजेड कमी होत जातो आणि गाभाऱ्यात अंधार उरतो. बाहेर सारे बोलून झाले, आता आत गप्प राहा, असा तो क्रम आहे. विवराच्या काठाशी गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडते, आणि खाली सरोवराचे पाणी मात्र खारे व अल्कधर्मी. त्या धारेला शिल्पींनी एक मुख दिले, स्नानाला जागा दिली, पायऱ्या दिल्या आणि ते थांबले. पूर्वीचे हे शिल्पी रेषेच्या आधारानेच विचार करीत असले पाहिजेत. भोपाळजवळ भोजपूर येथे अकराव्या शतकातील अपुरे राहिलेले शिवमंदिर आहे; त्याच्या आसपासच्या खडकांवर मंदिराच्या भागांच्या आकृत्या कोरलेल्या आजही दिसतात. देऊळ पुरे झाले नाही, पण त्याच्याविषयी केलेला विचार दगडावर राहिला.

आपल्या काळात हा विचार ज्यांनी आयुष्यभर केला, त्यांत चार्ल्स कोरिया यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. लोणारशी त्यांचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु लोणार जे न बोलता सांगते ते त्यांनी रेषांनी सांगितले. मूळच्या गोव्याच्या घराण्यातील कोरिया १९३० साली सिकंदराबाद येथे जन्मले, मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात शिकले, पुढे अमेरिकेत वास्तुकलेचे शिक्षण घेऊन परतले आणि १९५८ पासून मुंबईत व्यवसाय करू लागले. २०१५ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. लहानपणी खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे आराखडे आपण कागदावर आखत असू आणि वास्तुकलेची गोडी तिथूनच लागली, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. हाताशी रूळ थोडे, कागदावर मात्र हवे तेवढे. न बांधता पाहण्याची सवय मुलाला अशी लागली.

त्यांच्या कामाचे सूत्र म्हणजे आकाशाखालची मोकळी जागा. थंड देशांत माणूस दार लावून घेतो. आत आणि बाहेर यांत एका उंबऱ्याचेच अंतर असते. आपल्याकडे आत आणि बाहेर यांच्या मध्ये पडवी असते, ओटी असते, अंगण असते, गच्ची असते, झाडाची सावली असते. वसईच्या जुन्या घरांतून ज्यांचे बालपण गेले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कोरियांनी हे साधे सत्य आधुनिक वास्तुकलेच्या केंद्रस्थानी आणून बसविले. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय १९६३ साली पूर्ण झाले. सहा मीटर लांब व सहा मीटर रुंद अशा एक्कावन्न चौकटींची ती रचना. काही चौकटी भिंतींनी बंद, काही नुसत्याच छपराखाली आणि त्यांच्यामध्ये आकाशाला खुले असलेले पाण्याचे चौक. विटांचे खांब, कौले, फरशी; खिडक्यांना काचा नाहीत. बांधलेल्या चौकटी पुसून टाकल्या तर संग्रहालय उरणार नाही हे उघडच आहे. पण मोकळ्या चौकटी भरून टाकल्या तर गांधीजी उरणार नाहीत.

जयपूरच्या जवाहर कला केंद्रात त्यांनी नवग्रहांच्या नऊ चौकोनांची योजना केली आणि मधला चौकोन मोकळा ठेवला. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्राच्या मध्यभागीही पायऱ्यांनी खाली उतरणारे कुंड आहे, आणि भिंतींना आपल्या सह्याद्रीचा काळा दगड आहे. लोणारचा पाषाणही तोच. तेथे आकाशातून आलेल्या धोंड्याने खळगा केला. येथे आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी माणसाने तो जाणूनबुजून केला.

आपल्या वाचकांना सर्वांत जवळचे उदाहरण मात्र दादरचे. ‘पोर्तुगीज चर्च’ या नावाने सारी मुंबई ज्याला ओळखते त्या अवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्चची स्थापना १५९६ सालची. आजची वास्तू कोरियांनी १९७४ ते १९७७ या काळात उभी केली. उंच मनोऱ्याची, लांबट दालनाची सवय असलेल्या भाविकाला ती प्रथम बुचकळ्यात टाकते. येथे एकच भव्य दालन नाही. एकमेकांत गुंतलेल्या छपराखालच्या आणि उघड्या जागा आहेत. वर सिमेंटच्या नरसाळ्यासारख्या टोप्या आहेत. त्यांच्यातून तापलेली हवा वर निघून जाते आणि उजेड खाली उतरतो. छेदचित्र काढल्याशिवाय अशी कल्पना सुचत नाही; दर्शनी भागाचे देखणे चित्र काढणाऱ्याला ती कधीच सुचणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात पवित्र कलेने नुसत्या डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याची कास धरावी असे सुचविले होते. दादरच्या चर्चमध्ये त्याचा एक प्रामाणिक प्रयत्न दिसतो. तो सर्वांना रुचला पाहिजे असा आग्रह नाही. पण त्यामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. शांत अवकाश ही भरल्या पोटीची चैन नव्हे काय? चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहतात. त्यांना काव्यमय पोकळीचे काय सांगता? त्यांना खोली द्या. या आक्षेपात न्यायाची तळमळ आहे. पण त्याच चाळीत जाऊन पाहावे. मूल अभ्यास करते ते गॅलरीत. म्हातारा माणूस श्वास घ्यायला येतो तो जिन्याच्या तोंडाशी. भांडण झाल्यावर सून डोळे पुसते ती गच्चीवर. ज्याच्याकडे चार खोल्या आहेत त्याला अंगण नसले तरी चालते. ज्याच्याकडे एकच खोली आहे त्याचे आयुष्य त्या बाहेरच्या मोकळ्या तुकड्यावर तरते. मोकळी जागा ही गरिबाची दुसरी खोली आहे.

कोरियांनी हे ओळखले होते. १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूर येथे त्यांनी अल्प उत्पन्न गटापासून सर्वांसाठी जी वसाहत आखली, तिच्यात सात सात घरे आठ मीटर चौरसाच्या एका अंगणाभोवती बसविली. अशा तीन समूहांच्या मध्ये आणखी मोठे, बारा मीटर चौरसाचे अंगण. शेजाऱ्याची भिंत सामायिक नाही, म्हणून कुटुंब वाढेल तसे घर वाढविण्याची मुभा. लहान भूखंड आणि मोठे भूखंड यांत फरकही फार ठेवला नाही. पुढे रहिवाशांनी घरे बदलली, मजले चढविले. आराखड्यानेच त्यांना तशी वाट दिली होती.

तरीसुद्धा रेषेची एक काळी बाजू याच नवी मुंबईने दाखविली आहे. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे असा विचार मांडला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि आरंभीची काही वर्षे कोरिया तिचे प्रमुख वास्तुशिल्पी होते. गुदमरलेल्या मुंबईला श्वास मिळावा हा हेतू निःसंशय चांगला. पण ज्या भूमीवर हे शहर आखले गेले ती ९५ गावांची भूमी होती. तिथे आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरे होती, मासेमारी होती. शासनाने केलेल्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी उभे राहिले, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. याचा दोष एखाद्या वास्तुशिल्पीच्या पेन्सिलीवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. परंतु एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी लागते : कागद कोरा असतो, जमीन कधीच कोरी नसते. कागदावरची शांतता आणि जमिनीवरच्या माणसांना बोलू न दिल्यामुळे आलेली शांतता, या दोन्ही वरून पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात.

म्हणून काठावर बसून जे शिकलो ते पुरेसे नाही. पोकळीभोवती रेषा फिरविणाऱ्याने त्या पोकळीत कोण आहे हेही विचारले पाहिजे. लोणारचेच पाहा. २००० साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत सरोवराचा समावेश झाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये खारटपणा वाढून क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाने छायाचित्रे पाहिली. पण काठाला लागूनच एक नांदते गाव आहे. त्याला पाणी हवे, रस्ता हवा, रोजगार हवा, आणि त्याचे सांडपाणी सरोवरात उतरता कामा नये. पाहुण्यांसाठी मनोरे आणि दिव्यांच्या माळा काढणे सोपे आहे. लोणारच्या आराखड्यात सर्वांत काव्यमय रेषा कोणती असेल, असे मला कोणी विचारले, तर मी सांडपाण्याच्या नळाची रेषा दाखवीन. ती कोणाच्या नजरेस पडत नाही, तिचे उद्घाटन होत नाही. परंतु गावाची सोय आणि सरोवराची शांती या दोन्ही तिच्यावर अवलंबून आहेत. सौंदर्य आणि न्याय एकमेकांना कोठे भेटतात, तर अशा ठिकाणी.

आता आपल्या आवाराकडे वळावे. नवे चर्च बांधण्यास माझा विरोध नाही. भाविक वाढतात, जुने वासे कुजतात, पावसाळ्यात भिंती ओल धरतात. परंतु बांधकाम समितीची पहिली सभा भरते तेव्हा चर्चा बहुधा दोन गोष्टींची होते : किती माणसे मावतील आणि समोरून कसे दिसेल. तिसरा प्रश्न कोणी काढीत नाही : काय बांधायचे नाही? मिस्सा संपल्यावर ज्या सावलीत विधवा बाया घटकाभर बोलत उभ्या राहतात, ती सावली नकाशात कोठे आहे? धर्मशिक्षणाचा तास सुटल्यावर मुले जिथे धावतात तो तुकडा वाहनतळात गेला का? शवपेटी आणल्यावर आत नेण्यापूर्वी ती क्षणभर जिथे टेकवतात, आणि स्नानसंस्काराला आणलेले बाळ रडू लागले की आई त्याला घेऊन जिथे बाहेर पडते, त्या जागा कोणी काढल्या आहेत का? या जागांना वेदीची शोभा नसते. पण भक्ताचे मन वेदीपर्यंत पोचते ते यांच्यामधून वाट काढीत.

म्हणून एक सूचना नम्रपणे करावीशी वाटते. वास्तुशिल्पीला बोलावण्यापूर्वी धर्मग्रामस्थांनी स्वतः एक कागद घ्यावा. आवाराची कड आखावी, उभी झाडे काढावी, विहीर काढावी, माणसे कोठून येतात व कोठे थांबतात त्या वाटा काढाव्या. मुले, वृद्ध, आवाराच्या भिंतीपलीकडे राहणारे शेजारी, त्यांत आपल्या धर्माचे नसलेलेही, या सर्वांना विचारून काढाव्या. रेषा सुबक नसल्या तरी हरकत नाही. मग जे कोरे उरेल त्यातील किती भरायचे आणि किती राखायचे, ते ठरवावे. असा कागद हाती पडला तर चांगला वास्तुशिल्पी आनंदाने काम करील, आणि सुमार वास्तुशिल्पीही फार मोठी हानी करू शकणार नाही.

अडचण एकच येईल. बाकांवर, पंख्यांवर, रंगीत काचांवर देणगीदारांची नावे घालता येतात. रिकाम्या जागेवर कोणाच्याही नावाची फरशी बसविता येत नाही. ती सर्वांची राहते, याचे कारणही तेच आहे.